एका चार्जवर तासभर हवेत : वावरातून लांब उड्डाणाची तयारी

हल्ली गावात फवारणीचं ड्रोन आलं की धुऱ्यावर निम्मं गाव जमा होतं. भरलेली टाकी घेऊन ते पऱ्हाटीवरून चार-सहा फेऱ्या मारतं आणि दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी बदलायला खाली येतं. त्यामुळे ड्रोन म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आम्ही पहिल्यांदा आमचं यंत्र गावासमोर उडवलं तेव्हा मोठे बाबा अर्धा तास मान वर करून उभे होते. शेवटी म्हणाले, "काऊन रे, हे उतरत नाही काय?"

निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या मल्टिरोटरची, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनची, उड्डाणं आज तीन तासांच्या पुढे गेली आहेत. त्या टप्प्यावर एकदम कोणी पोचत नाही. पण एका चार्जवर एक तास हे लक्ष्य विदर्भातल्या आर्वी-पुसद-मेहकरसारख्या तालुक्याच्या गावात राहून, हाताने बांधलेल्या यंत्रावर गाठता येतं. आमचं यंत्र एक तास दहा मिनिटं टिकतं. ते कसं बांधलं, कुठे चुकलो आणि विक्रमाचा प्रयत्न मांडायचा तर काय तयारी लागते, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे.

आधी वही आणि काटा

मोटर विकत घेण्याआधी सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा काटा घ्या. पाच किलोपर्यंत तोलणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालतो. लांब उड्डाणाचं निम्मं काम त्याच्यावरच होतं.

कारण असं. पंखे हवा खाली ढकलतात म्हणून ड्रोन वर राहतं. त्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीडव्या घाताने वाढते. म्हणजे पंखे तेच ठेवून वजन दुप्पट केलं तर शक्ती दुप्पट नाही, जवळपास २.८ पट लागते. दुसरी बाजू पंख्याची. पंख्यांनी व्यापलेलं एकूण क्षेत्रफळ दुप्पट केलं तर त्याच वजनाला सुमारे २९ टक्के कमी शक्ती लागते. मोठा पंखा जास्त हवा हळू ढकलतो, छोटा पंखा थोडी हवा जोरात ढकलतो. जोरात ढकलण्यात बॅटरी वाया जाते. म्हणून शर्यतीचं पाच इंची पंख्याचं ड्रोन आणि आपलं यंत्र यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आमच्या यंत्राचे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. चार मोटरी मिळून ३०० ग्रॅम. पंधरा इंची कार्बनचे चार पंखे ७० ग्रॅम. मोटरींचे वेगनियंत्रक, म्हणजे ईएससी, ६० ग्रॅम. कार्बनच्या नळ्या आणि पट्ट्यांचा सांगाडा ३२०. फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू, जीपीएस, रिमोटचा रिसीव्हर आणि बॅटरीचे व्होल्ट-अँपिअर मोजणारं पॉवर मोड्यूल १२०. वायरी, स्क्रू, पाय १३०. झाले १,००० ग्रॅम. त्यावर बॅटरी ९०० ग्रॅम. एकूण १.९ किलो. एका जागी तरंगताना ते साधारण १६० वॅट घेतं, म्हणजे एका वॅटला जवळपास बारा ग्रॅम उचलले जातात. पहिल्याच यंत्रात वॅटला दहा ग्रॅम मिळाले तरी तुमची बांधणी चांगली आहे असं समजा.

या यंत्रावर दहा ग्रॅम कमी केले तर उड्डाण सुमारे पस्तीस सेकंदांनी वाढतं. आम्ही पोलादी स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे लावले, वायरींची जास्तीची लांबी कापली, पायांच्या जाड नळ्या बदलून बारीक लावल्या. त्या एका रविवारी ८५ ग्रॅम उतरले. पाच मिनिटं आम्हाला काट्याने दिली, नव्या मोटरीने नाही.

बॅटरी किती आणि कोणती

नवीन माणूस हमखास इथेच घसरतो. वेळ वाढवायची तर बॅटरी वाढवा, हे बरोबर वाटतं आणि एका मर्यादेपर्यंत बरोबर आहेही. पण बॅटरी स्वतःचंही वजन उचलायला लावते. गणित मांडलं तर बॅटरीचं वजन बाकीच्या यंत्राच्या दुप्पट झालं की वेळ सर्वांत जास्त मिळतो; त्यापुढे बॅटरी वाढवाल तर वेळ उलट घटतो. आणि त्या टोकापर्यंत जाण्यातही फारसं हाती लागत नाही. बॅटरी आणि बाकीचं यंत्र समसमान वजनाचे ठेवले तरी कमाल वेळेच्या ९२ टक्के मिळतात. उरलेल्या आठ टक्क्यांसाठी बॅटरी दुप्पट करावी लागते, आणि तेवढं वजन पेलायला सांगाडा व मोटरी मजबूत, म्हणजे पुन्हा जड कराव्या लागतात. आम्ही आमच्या बॅटरीतल्या बारा सेलच्या जागी अठरा सेलचा हिशेब करून पाहिला. दीडपट बॅटरीवर जास्तीची मिळत होती जेमतेम सात-आठ मिनिटं, आणि वजन दोन किलोच्या वर जाऊन कायद्याचा वर्गच बदलत होता. म्हणून बारावरच थांबलो.

सेल लिथियम-आयनचे घ्या, लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, नको. लिपो एकदम मोठा करंट देतो म्हणून शर्यतीला चालतो, पण किलोमागे साधारण १५० ते २०० वॅट-तास एवढीच ऊर्जा साठवतो. चांगला २१७०० आकाराचा सेल, म्हणजे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब, सुमारे ७० ग्रॅमचा आणि ५,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा असतो. त्यात १८ वॅट-तास मावतात, म्हणजे किलोमागे अडीचशेच्या वर. आम्ही सहा सेल ओळीने आणि अशा दोन ओळी समांतर जोडल्या आहेत. पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट. उडताना प्रत्येक सेलवर सरासरी चार अँपिअरसुद्धा येत नाहीत, त्यामुळे सेल फारसा तापत नाही.

खोट्या सेलपासून जपा. आमची पहिली खरेदी ऑनलाइन स्वस्तात झाली होती. सेल छोट्या १८६५० आकाराचे होते आणि त्यांवर ९,९०० एमएएच छापलं होतं. त्या आकारात एवढी क्षमता बसतच नाही. चांगल्या कंपनीचा नेहमीचा सेल ३,५०० च्या आसपास असतो आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. आमचे काट्यावर ३२ ग्रॅम भरले. चार्जरवर मोजले तर हजारही निघाले नाहीत. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून सेल हातात आला की आधी काट्यावर जातो, मग प्रत्येकाची क्षमता आणि आतला रोध मोजून वहीत लिहिला जातो, आणि जुळणारे बाराच पॅकमध्ये बसतात. एक कमजोर सेल अख्ख्या ओळीला वेळेआधी खाली बसवतो.

सेलला सोल्डरिंग लावू नका, उष्णतेने तो आतून बिघडतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडायची असते. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे हे मशीन असतं. आमच्या तालुक्याच्या गावी एकाने समोर बसवून दहा मिनिटांत काम करून दिलं.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. दिवाळीनंतर आपल्याकडे घरात कापूस असतो. समोरच्या खोलीत, कोठ्यात, कधी कधी आढ्यापर्यंत. त्या खोलीत बॅटरी चार्ज करायची नाही. शेजारच्या खोलीतही नको. कुटाराच्या ढिगाजवळ नको, गोठ्यात नको. लिथियम सेल पेटला तर तो ठिणग्या फेकतो आणि पाण्याने लवकर विझत नाही. कापसाला त्यातली एक ठिणगी पुरते. आम्ही अंगणात फरशीवर मातीच्या कुंडीत पॅक ठेवून, शेजारी रेतीची बादली घेऊन, माणूस बसवून चार्ज करतो. प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जर, सेलमागे ४.२० व्होल्टच्या वर नाही, आणि करंट दोन-तीन अँपिअर. चार-पाच तास लागतात. रात्री लाइन जाऊन येते, व्होल्टेज खालीवर होतं. म्हणून रात्रभर लावून झोपायचं नाही. आदल्या दिवशी दुपारीच उरकून घ्या.

मोटर, पंखे आणि सांगाडा

मोटर कमी केव्हीची, म्हणजे एका व्होल्टला कमी फेरे घेणारी. पंधरा इंची पंख्याला सहा सेलवर साडेतीनशे-चारशेच्या आसपास. पंखा दोन पात्यांचा, कार्बनचा, तोल साधलेला. चारच मोटरी पुरेत. सहा किंवा आठ मोटरींनी सुरक्षितता मिळते, पण एवढ्याशा यंत्रात वजन आणि लहान पंखे यांमुळे वेळ जातो. एकाखाली एक पंखे लावायची रचना तर नकोच, खालच्या पंख्याला वरच्याची ढवळलेली हवा मिळते.

पंख्याच्या खाली नळी येते तिथे ती जितकी बारीक तितकी चांगली. मोटरी अगदी सरळ उभ्या बसल्यात का, ते गवंडी वापरतो त्या पाणसळीने पाहा. थोडी तिरकी बसलेली मोटर यंत्राला सतत फिरवू पाहते आणि बाकीच्या तीन ते सावरत बसतात.

फ्लाइट कंट्रोलर कोणताही चालेल, पण नोंदी ठेवणारा हवा. आम्ही त्यावर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर वापरतो. प्रत्येक क्षणाचा व्होल्ट, अँपिअर आणि मोटरींची धडपड त्यात लिहिलेली सापडते. पॉवर मोड्यूलचा आकडा जसाच्या तसा खरा मानू नका. उड्डाणानंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते पाहा आणि लॉगशी, म्हणजे या नोंदींशी, ताडून दुरुस्त करा. सुरुवातीला आमचं मोड्यूल दर उड्डाणाला चार टक्के कमी सांगत होतं.

उतरल्यावर पाची बोटांनी मोटर धरून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर कंट्रोलरचं ट्यूनिंग, म्हणजे यंत्र सावरण्याची जुळवणी, फार तीव्र आहे. मोटर सेकंदाला शेकडो वेळा उगाच वेग बदलते आहे आणि तेवढी बॅटरी उष्णतेत जाते आहे. ट्यूनिंग सौम्य करा. लांब उड्डाणाच्या यंत्राला बैलासारखी एका लयीची चाल हवी.

कायद्याच्या दोन गोष्टी

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो आणि पंचवीस किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. वजन बॅटरीसकट धरतात. मायक्रो वर्गातलं यंत्र व्यवसायासाठी वापरायचं नसेल तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोच्या वर गेलात की लागतं. आमचं वजन १.९ वर थांबवण्याचं हे मोठं कारण. यंत्राची नोंदणी करून ओळख क्रमांक मात्र घ्यायचा. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर आपलं वावर हिरव्या पट्ट्यात येतं का ते पाहा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. नागपूर, गोंदिया, अमरावती किंवा अकोल्याच्या विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी हे आधीच तपासावं. ताडोबा, टिपेश्वर, मेळघाट, पेंच, नागझिरा यांच्या आसपास असाल तर जंगलापासून दूरच राहा. यंत्र सतत डोळ्यांसमोर हवं. तयार ड्रोन परदेशातून मागवायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र मागवता येतात.

कायद्यात नसलं तरी सरपंच आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. तासभर डोक्यावर घोंघावणारी वस्तू पाहून लोकांना शंका येते, आणि ती रास्त आहे.

वावर, हवा, वेळ

आपल्याकडे या कामाचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. सोयाबीन निघालेलं असतं, तूर कापली की मोठे चौकोन मोकळे होतात. सकाळी सूर्य वर आल्यावर, धुकं आणि दव गेल्यावर सुरू करायचं आणि नऊच्या आसपास उरकायचं. त्यानंतर जमीन तापते, हवा वर उठायला लागते आणि यंत्र हेलकावे खातं. तुराटीला सुताचा धागा बांधून धुऱ्यावर खोचा. धागा लोंबतो आहे की सरळ आडवा उडतो आहे, यावरून मोबाइलवरच्या हवामानापेक्षा जास्त कळतं.

उन्हाळा का नको, हेही आकड्यात पाहा. नागपूरच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, ४४ अंशांतली हवा १२ अंशांतल्या हवेपेक्षा दहा टक्के विरळ असते. तेवढ्याने तरंगायला पाच टक्के जास्त शक्ती लागते. आमच्या यंत्राची साडेतीन मिनिटं गेली. पण थंडीचा मार उलट बॅटरीवर बसतो. गार सेलचा रोध वाढतो आणि व्होल्टेज लवकर पडतं. म्हणून हवा गार आणि बॅटरी ऊबदार असा मेळ घालावा लागतो. आम्ही पॅक गोधडीत गुंडाळून, बाजूला गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून वावरात नेतो आणि उड्डाणाआधी पाच मिनिटं बाहेर काढतो. हाताला तीस अंशांच्या आसपास लागला पाहिजे. चुलीजवळ किंवा उन्हात बोनेटवर ठेवून तापवायचा नाही.

जागा निवडताना शेतपंपाच्या तारा आधी पाहा. मग विहीर. कठडा नसलेल्या विहिरी आपल्याकडे जागोजागी आहेत आणि तासभर वर बघत असलेला माणूस नकळत पावलं टाकतो. उडवणाऱ्याने खाटेवर किंवा खुर्चीवर बसूनच उडवायचं. हा आमच्याकडे नियम आहे. शेजारी दुसरा माणूस, त्याची नजर घारीवर. घार झेपावली तर यंत्र वर घ्या, ती साधारणतः वरून येते.

तासभर उडवायचं कसं

एका जागी तरंगणं हा सगळ्यात स्वस्त प्रकार वाटतो, पण तो नाही. संथ पुढे जाणाऱ्या पंख्याला सतत न ढवळलेली हवा मिळते आणि शक्ती कमी लागते. सरळ रेषेत सेकंदाला तीन, चार, पाच, सहा, सात मीटर अशा वेगांनी जाऊन-येऊन प्रत्येकी दोन मिनिटं उडवा आणि वॅट लिहून घ्या. आमच्या यंत्राचा सगळ्यात कमी आकडा सहा मीटरवर आला, तरंगण्यापेक्षा आठ टक्के खाली.

पण वळण मोठं हवं. त्याच वेगाने दहा मीटर त्रिज्येच्या गोलात फिरलात तर यंत्र वीस अंशांनी कलतं आणि सुमारे दहा टक्के जास्त शक्ती मागतं. कमावलेलं सगळं वळणात जातं. पन्नास मीटर त्रिज्येला कल चारच अंशांचा, खर्च नगण्य. त्या गोलाला शंभर बाय शंभर मीटर लागतात, म्हणजे जवळपास अडीच एकर. वारा मंद पण सलग असेल तर त्याच्याकडे तोंड करून जागेवर थांबलात तरी हाच फायदा मिळतो.

व्होल्टेजच्या मर्यादा लिथियम-आयनप्रमाणे लावा. आमच्या पहिल्या लांब उड्डाणात जुन्या लिपोचा ३.५ व्होल्टचा आकडा तसाच राहिला होता. ४३ व्या मिनिटाला यंत्राने बॅटरी संपली असं धरलं आणि आपोआप उतरलं, ते न वेचलेल्या पऱ्हाटीत. दोन पंखे गेले. पॅकमध्ये तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऊर्जा शिल्लक होती. आता सेलमागे ३.१ ला सूचना, ३.० ला आम्ही स्वतः उतरायला लागतो, आणि २.९ ला यंत्र स्वतःच उतरतं. सेल २.५ पर्यंत जातो हे खरं, पण ३.२ च्या खाली व्होल्टेज झपाट्याने घसरतं. तिथे हाव धरून बसू नका.

उतरताना सरळ खाली सोडायचं नाही. स्वतःच ढकललेल्या हवेत पंखे शिरले की यंत्र डगमगतं आणि शक्ती वाया जाते, तीही बॅटरी सर्वांत कमजोर असताना. तिरकं, सावकाश, पुढे जात जात उतरा.

विक्रम नोंदवायचा असेल तर

संस्थेकडे अर्ज आधी, उड्डाण नंतर. गिनेससारख्या ठिकाणी उत्तर यायला आठवडे-महिने जातात आणि कोणता वर्ग, कोणतं वजन, कोणता पुरावा हे ते लेखी कळवतात. ते शब्दन् शब्द वाचा. साधारणपणे घरचे नसलेले साक्षीदार, वेळ मोजणारे, आणि उड्डाणाआधीपासून उतरल्यानंतरपर्यंत न तुटलेलं चित्रीकरण लागतं. कॅमेऱ्यासमोर यंत्र तोला, बॅटरी दाखवा. तासाहून लांब चित्रीकरणात मोबाइलची जागा संपते किंवा फोन तापून बंद पडतो. दोन फोन तिपाईवर, चार्जिंगला लावून ठेवा. एका चौकटीत यंत्र आणि चालू घड्याळ दोन्ही दिसू द्या. लॉगची मूळ फाइल तशीच जपून ठेवा, जीपीएसची वेळ तिच्यात असते.

त्याआधी तेच उड्डाण, त्याच वेळी, त्याच वावरात निदान पाच वेळा झालेलं हवं. पाची वेळांत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक येत असेल तर काहीतरी ढिलं आहे. बहुतेकदा बॅटरीचं तापमान किंवा एखादा खरवडलेला पंखा.

यंत्र उतरलं की पॅक लगेच चार्जला लावू नका. सावलीत अर्धा तास ठेवा, प्रत्येक सेलचा व्होल्ट मोजा, वहीत तारीख, तापमान, वारा, वजन, सरासरी वॅट आणि मिनिटं लिहा. पुढचं उड्डाण आठवड्याने असेल तर सेल ३.६ ते ३.७ व्होल्टपर्यंतच भरून गार खोलीत ठेवा. आमच्याकडे ती खोली घराच्या मागची, जिथे कापूस जात नाही.